ठोक्यांची गोळी आणि स्वादुपिंडाची सूज: अमिओडॅरोन बंद करायची का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बाबांचे वय ६७, राहणे नागपुरातच. दोन वर्षांपासून एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके अनियमित. इकोमध्ये हृदयाचे पंपिंग ४० टक्के. सात महिन्यांपासून अमिओडॅरोन २०० मिलिग्रॅमची गोळी रोज सुरू आहे. सोबत रक्त पातळ करणारी एपिक्साबॅन, लघवीची फ्युरोसेमाइड, रॅमिप्रिल आणि अटोर्व्हास्टॅटिन. एका लग्नाचे जेवण करून आले आणि त्या रात्री पोटाच्या वरच्या भागात असह्य दुखू लागले, उलट्या थांबेनात. स्वादुपिंडाचे एंझाइम लायपेज रक्तात मर्यादेच्या आठ पट निघाले, सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाला सूज दिसली. सहा दिवसांनी घरी सोडले. डिस्चार्ज कार्डावर ‘अमिओडॅरोनमुळे?’ असे प्रश्नचिन्हासह लिहिले आहे. तेव्हापासून काका म्हणताहेत की हृदयाच्या सगळ्या गोळ्या आजच बंद करा, आणि आई घाबरून गोळ्यांचा डबा उघडायलाच तयार नाही. दुखणे गोळीमुळेच झाले का, गोळी बंद करायची का, आणि केली तर पुढे काय, हे तुम्ही विचारले आहे.

आधी तातडीचे. एपिक्साबॅन एक दिवसही चुकवू नका. ती या भानगडीत कुठेच नाही, आणि ती बंद पडली तर मेंदूत किंवा आतड्यात गुठळी जाण्याचा धोका स्वादुपिंडाच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. अमिओडॅरोनबद्दल याच आठवड्यात हृदयरोगतज्ज्ञांना भेटून ठरवा, घरी बसून ठरवू नका. त्या भेटीच्या आधी पित्ताशयाची सोनोग्राफी पुन्हा करून घ्या. पहिल्या सोनोग्राफीच्या कागदावर ‘गॅसमुळे पित्ताशय नीट दिसले नाही’ असे लिहिल्याचे तुम्ही कळवले आहे. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रश्नांची किल्ली त्या एका ओळीत आहे. का, ते आता सविस्तर सांगतो.

अमिओडॅरोनमुळे स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, हे खरे आहे. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात ही नोंद आहे. २००७ साली औषधे आणि पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची सूज, यांच्या प्रकाशित नोंदी तपासून एक वर्गवारी करण्यात आली आणि ती जगभर वापरली जाते. तिच्या पहिल्या वर्गातली औषधे म्हणजे ज्यांच्याबाबत निदान एका रुग्णात औषध थांबवल्यावर सूज उतरली आणि पुन्हा दिल्यावर परत आली. या वर्गाचे दोन उपवर्ग आहेत. ‘अ’ मध्ये इतर सगळी कारणे तपासून वगळलेली होती, ‘ब’ मध्ये ती पुरेशी वगळलेली नव्हती. अमिओडॅरोन ‘ब’ मध्ये येते. ठोक्यांच्या औषधांपैकी ‘अ’ मध्ये आहे ते प्रोकेनामाइड, पण ते आपल्याकडे रोजच्या वापरात जवळजवळ नाहीच. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन, सोटालोल, फ्लेकेनाइड यांच्याविरुद्धचा पुरावा या दोघांच्या तुलनेत फारच तुटपुंजा आहे.

आता बाबांच्या चिठ्ठीकडे त्याच नजरेने पाहा. फ्युरोसेमाइड त्याच वर्गवारीत ‘अ’ मध्ये आहे. रॅमिप्रिलच्या गटातले एनालाप्रिलही ‘अ’ मध्ये आहे. स्टॅटिन गटातली सिम्व्हास्टॅटिन आणि प्रवास्टॅटिनसुद्धा. म्हणजे केवळ यादीच्या बळावर आरोपी ठरवायचा तर अमिओडॅरोनच्या आधी बाबांच्या लघवीच्या गोळीवर बोट ठेवावे लागेल, आणि तिच्यावर कोणी संशयही घेतलेला नाही. अमिओडॅरोनचे नाव पटकन पुढे येते, कारण थायरॉइड, फुप्फुस, यकृत, डोळे, त्वचा अशा सगळीकडे ती त्रास देऊ शकते हे प्रत्येक डॉक्टरला पाठ असते. बदनाम माणसावर चोरीचा आळ आधी येतो, तसे या गोळीचे झाले आहे. ती निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. पण नुसत्या संशयावरून पंपिंग ४० टक्के असलेल्या माणसाचा ठोक्यांचा आधार काढून घेणे मला मान्य नाही.

स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेची कारणे मोजली तर पित्ताचे खडे आणि दारू ही दोनच बहुतेक रुग्णांचा हिशेब पुरा करतात. त्यानंतर रक्तातले ट्रायग्लिसराइड फार वाढणे, कॅल्शियम वाढणे, पोटाला मार, पित्तनलिकेत दुर्बीण घालून केलेली प्रक्रिया. औषधांचा वाटा बहुतेक पाहण्यांत शेकडा पाचाहून कमी भरतो. म्हणून ‘औषधामुळे’ हे निदान सगळ्यात शेवटी, बाकीचे सगळे तपासून झाल्यावर करायचे असते.

खड्यांचे घेऊ. लग्नाच्या जेवणानंतर दुखू लागले, यावरून घरात ‘सावजीचा तिखट रस्सा बाधला’ अशी चर्चा झालीच असेल. तिखटाने स्वादुपिंडाला सूज येत नाही. पण तेलातुपाचे भरपूर जेवण झाले की पित्ताशय जोरात आकुंचन पावते, आणि आत बारीक खडे किंवा गाळ असेल तर तो नलिकेत ढकलला जातो. नलिकेच्या तोंडाशी, जिथे पित्ताची आणि स्वादुपिंडाची वाट एक होते, तिथे खडा घटकाभर जरी अडकला तरी पुढचे सगळे रामायण घडते. खडा नंतर आतड्यात निघून जातो आणि तपासणीत काही सापडत नाही. सुजेच्या दिवसांत आतडी फुगलेली असतात, पोटात वारा भरलेला असतो, त्यामुळे सोनोग्राफीत पित्ताशय झाकले जाते. सीटी स्कॅन स्वादुपिंड छान दाखवतो, पण कोलेस्टेरॉलचे खडे त्यात बरेचदा दिसतच नाहीत. ‘सीटी केला, खडे नाहीत’ हे वाक्य मी ओपीडीत सतत ऐकतो, आणि प्रत्येक वेळी सांगतो की सीटीने खडे नाकारता येत नाहीत. सूज उतरल्यावर, सहा-आठ तास उपाशीपोटी, शांतपणे सोनोग्राफी पुन्हा करायची. त्यातही स्वच्छ निघाले तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय, किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी. दुसरी तपासणी बारीक गाळसुद्धा पकडते, आणि नागपुरात ती करणारे पोटविकारतज्ज्ञ आहेत. एरवीही चाळिशीनंतर पहिल्यांदाच अशी सूज आली आणि कारण सापडले नाही, तर स्वादुपिंडात गाठ नाही ना हे पाहावेच लागते. त्यामुळे ही तपासणी वाया जात नाही.

इथे एक खाचखळगा आहे तो मुद्दाम सांगतो. दाखल झाल्यावर पहिल्या दोन दिवसांत एसजीपीटी, म्हणजे यकृताचे एंझाइम, १५० च्या वर गेलेले असेल तर कारण खडाच असण्याची शक्यता खूप वाढते. हा जुना आणि भरवशाचा आडाखा आहे. पण अमिओडॅरोन घेणाऱ्यांचे एसजीपीटी आधीपासूनच वाढलेले असू शकते. म्हणून आधीचे रिपोर्ट हवेत. गोळी सुरू करताना आणि नंतर दर सहा महिन्यांनी यकृत आणि थायरॉइडच्या तपासण्या करायच्या असतात. त्या झाल्या असतील तर ते कागद शोधा. सहा महिन्यांपूर्वी ४० असलेले एसजीपीटी त्या रात्री ३०० असेल आणि आठवड्यात पुन्हा खाली आले असेल, तर मी खड्यावर बोट ठेवेन. महिनोनमहिने ११०-१२० वर रेंगाळत असेल तर ती अमिओडॅरोनची यकृतावरची छाया असू शकते, आणि मग गोळीविषयी वेगळ्या कारणासाठी बोलावे लागेल.

ट्रायग्लिसराइड १००० च्या वर असेल तर तेच कारण धरतात. हा आकडा उपवासाने झपाट्याने उतरतो. सलाईनवर तीन दिवस काढल्यावर रक्त दिले तर तो साधासुधा दिसतो आणि खरे कारण निसटते. बाबांची ही तपासणी पहिल्या दिवशी झाली होती का, ते फाईलमध्ये पाहा. झाली नसेल तर आता नेहमीचे जेवण सुरू झाल्यावर करा.

दारूबद्दल तुम्ही ‘बाबा घेत नाहीत’ असे लिहिले आहे आणि मी ते मानतो. तरी हा प्रश्न सून-मुलांच्या देखत विचारून उपयोग नसतो, हे इतर वाचकांसाठी लिहून ठेवतो. मी नातेवाइकांना बाहेर बसवतो आणि मग विचारतो. गावाकडची मोहाची असो की शहरातली बाटलीबंद, स्वादुपिंडाला फरक पडत नाही.

आता ‘गोळी थांबवली आणि बरे वाटले’ या पुराव्याचे पाहू. बहुतेक औषधांच्या बाबतीत हा पुरावा काहीतरी सांगतो. अमिओडॅरोनच्या बाबतीत फार थोडे सांगतो. हे औषध चरबीत, यकृतात, फुप्फुसात साठून राहते. शरीरातून निम्मे जायला सरासरी ५८ दिवस लागतात, काहींना दोन आठवडे तर काहींना साडेचार महिनेसुद्धा. दवाखान्यात सहा दिवस गोळी दिली नाही म्हणून सात महिन्यांचा साठा संपत नाही. बाबा बरे झाले तेव्हा त्यांच्या रक्तात आणि पेशींत औषध जवळजवळ तितकेच होते. स्वादुपिंडाची सौम्य सूज, म्हणजे दर पाचपैकी चार रुग्णांची, आठवडाभरात उपचारांच्या आधाराने आपोआप उतरते. तेव्हा सहा दिवसांत बरे वाटणे हे सुजेच्या नेहमीच्या स्वभावाला धरून आहे, आणि अमिओडॅरोनविरुद्धची साक्ष म्हणून ते उभे राहत नाही. दुसरीकडे, औषध बंद केल्यावर महिन्याभराने पुन्हा सूज आली तर ‘आता तर गोळी नाही, म्हणजे गोळीचा संबंध नाही’ असेही म्हणता येत नाही. औषध तेव्हाही अंगात असते. याच कारणामुळे या गोळीबाबत ठाम निदान करणे कठीण जाते, आणि बाकीची कारणे कसून शोधण्याला दुप्पट महत्त्व येते.

हा भाग संपवण्याआधी थायरॉइडचा आडवळणाचा रस्ता सांगायला हवा, कारण तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडिन असते. त्यातले रोज सहा-सात मिलिग्रॅम शरीरात मोकळे होते, आणि आपली रोजची गरज आहे फक्त १५० मायक्रोग्रॅमची. या भडिमाराने काहींचे थायरॉइड मंदावते, काहींचे भडकते. भडकले की वजन उतरते, हात कापतात, ठोके पुन्हा बिघडतात आणि कार्बिमॅझोल सुरू होते. कार्बिमॅझोल हे स्वादुपिंडाला सूज आणू शकणारे, वर सांगितलेल्या ‘अ’ उपवर्गातले औषध आहे. २०१९ साली ब्रिटनच्या औषध नियामकाने याबद्दल स्वतंत्र सूचना काढली: सूज आली तर ते लगेच थांबवावे आणि त्या रुग्णाला पुन्हा कधीही देऊ नये. म्हणून बाबांच्या चिठ्ठ्यांमध्ये गेल्या काही महिन्यांत कार्बिमॅझोल, मधुमेहाची सिटाग्लिप्टिन, फिटसाठीची व्हॅल्प्रोएट, जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल असे काही येऊन गेले का, ते नीट आठवा. मेडिकल स्टोअरमधून आपल्या मनाने आणलेल्या गोळ्या आणि काढेही त्यात धरा.

आता मी सगळ्यात कळकळीने सांगणार आहे ते. ठोके अनियमित असलेल्या माणसाच्या पोटात अचानक, भयंकर दुखू लागले, तर मनात पहिला विचार स्वादुपिंडाचा येता कामा नये. पहिला विचार आतड्याच्या रक्तवाहिनीत गेलेल्या गुठळीचा हवा. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात रक्त साचते, गुठळी होते, आणि ती सुटली की मेंदूकडेच जाईल असे नाही. पोटातल्या मोठ्या धमनीतून आतड्याला रक्त नेणाऱ्या फांदीत ती जाऊन बसू शकते. माणूस दुखण्याने गडाबडा लोळत असतो, आणि पोट दाबून पाहावे तर मऊ, जणू काही झालेच नाही. हीच विसंगती धोक्याची खूण आहे. अशा वेळी अमायलेज हे स्वादुपिंडाचे दुसरे एंझाइमही वाढलेले येते, कारण ते मरू घातलेल्या आतड्यातूनही रक्तात उतरते. रिपोर्टवर वाढलेले अमायलेज पाहून ‘पॅन्क्रियाटायटिस’ असा शिक्का बसतो, सलाईन लागते, आणि हातातले तास निघून जातात. या आजारात निम्म्याहून अधिक माणसे दगावतात, आणि वाचतात ती बहुतेक पहिल्या काही तासांत निदान झालेली. तपासणी एकच: रक्तवाहिन्यांचा सीटी, म्हणजे सीटी अँजिओग्राफी, ताबडतोब. मूत्रपिंडाच्या क्रिएटिनिन रिपोर्टसाठी ती अडवून ठेवायची नाही.

बाबांचे लायपेज आठ पट होते, अमायलेजपेक्षा लायपेज जास्त भरवशाचे, आणि सीटीत सुजलेले स्वादुपिंड स्पष्ट दिसले. तेव्हा त्यांचे निदान बरोबरच होते. २०१२ साली सुधारलेल्या अटलांटा निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी लागतात: ठरावीक प्रकारचे दुखणे, लायपेज किंवा अमायलेज तिपटीहून जास्त, आणि स्कॅनमधला पुरावा. बाबांच्या बाबतीत तिन्ही होत्या. पण उद्या काकांचे ऐकून एपिक्साबॅन बंद केली आणि महिन्याभराने पुन्हा पोटात दुखले, तर ते दुखणे या दुसऱ्या जातीचे असू शकेल. म्हणूनच पहिल्याच परिच्छेदांत एपिक्साबॅनची गोष्ट काढली. यवतमाळ, गोंदिया, गडचिरोलीहून रुग्ण इथे पोचेपर्यंत सहा-आठ तास सहज जातात. तिथल्या वाचकांनी हे विशेष लक्षात ठेवावे: ठोक्यांचा रुग्ण आणि अचानक पोटदुखी असेल तर गावातल्या इंजेक्शनवर रात्र काढू नका. नागपुरात आलात तर मेडिकल, मेयो, एम्स किंवा ज्या मोठ्या दवाखान्यात रात्रीही सीटी आणि शस्त्रक्रियेची सोय आहे तिथेच थेट जा. त्याच वेळी ईसीजी काढायला सांगा, कारण हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटकाही पोटदुखी आणि उलट्यांचे रूप घेऊन येतो.

पुन्हा कधी सूज आलीच, तर दाखल करताना तीन गोष्टी डॉक्टरांच्या कानावर आवर्जून घाला. पहिली सलाईनची. पूर्वी पॅन्क्रियाटायटिसमध्ये बादलीभर सलाईन द्यायचे असा प्रघात होता. २०२२ साली भारत, स्पेन, इटली आणि मेक्सिकोतल्या केंद्रांत झालेल्या वॉटरफॉल चाचणीत भरपूर सलाईन आणि बेताचे सलाईन यांची तुलना झाली. भरपूरवाल्यांना काही फायदा झाला नाही, उलट अंगात पाणी साचण्याचे प्रमाण २०.५ टक्के निघाले, बेताच्या गटात ते ६.३ टक्के होते. चाचणी मध्येच थांबवावी लागली. धडधाकट स्वादुपिंड-रुग्णांचे हे, तर ४० टक्के पंपिंगवाल्याचे काय होईल? तेव्हा ‘हार्टचे पंपिंग कमी आहे’ हे पहिल्या मिनिटाला सांगा.

दुसरी गोष्ट क्यूटीची. ईसीजीवर क्यूटी नावाचे एक अंतर मोजतात. ते फार लांबले तर खालच्या कप्प्यांचे जीवघेणे ठोके सुरू होऊ शकतात. अमिओडॅरोन आणि सोटालोल ते अंतर लांबवतात, हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. त्यात पॅन्क्रियाटायटिसच्या उलट्यांनी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम उतरते, सुजेने कॅल्शियम उतरते, आणि त्या प्रत्येकाने क्यूटी आणखी लांबते. वर उलटी थांबवायला ऑन्डान्सेट्रॉन दिले जाते, तेही क्यूटी लांबवते. लिव्होफ्लॉक्सासिनसारखे अँटिबायोटिक जोडले तर आणखी. एकेकटे पाहिले तर यातले काहीच चूक नाही, सगळे एकाच माणसाच्या अंगात एका रात्री जमले की काळजी वाटते. अमिओडॅरोनवर असे ठोके त्या मानाने कमी दिसतात, सोटालोलवर जास्त. तरी दाखल झाल्यावर ईसीजी, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पाहणे आणि कमी असेल ते भरून काढणे, याला फार खर्च नाही. मॅग्नेशियमची तपासणी बरेचदा राहून जाते. ती मागून घ्या.

तिसरी डिगॉक्सिनची. बाबा ते घेत नाहीत, पण उद्या अमिओडॅरोनच्या जागी किंवा जोडीला ते येऊ शकते. अमिओडॅरोन अंगात असताना डिगॉक्सिनची रक्तातली पातळी वाढते, म्हणून मात्रा निम्मी करावी लागते. अमिओडॅरोन बंद करूनही हा परिणाम महिनोनमहिने राहतो. डिगॉक्सिन वाढले की मळमळ, उलट्या, पोटदुखी, अन्नावरची वासना जाणे, कधी सगळे पिवळसर दिसणे. म्हणजे पुन्हा पोटाचेच सोंग. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना, लघवीची गोळी चालू आणि पाणी कमी, अशा वेळी मूत्रपिंड मंदावते आणि डिगॉक्सिन साचते. त्या महिन्यांत लघवीच्या गोळीची मात्रा डॉक्टरांना विचारून पुन्हा ठरवावी.

आता मूळ प्रश्न: बंद करायची का? माझे उत्तर दोन तपासण्यांवर अवलंबून आहे. दुसऱ्या सोनोग्राफीत खडे किंवा गाळ सापडला, तर कारण मिळाले. अमिओडॅरोन चालू ठेवायला स्वादुपिंडाकडून हरकत राहत नाही. मग प्रश्न पित्ताशय काढण्याचा येतो. खड्यांमुळे सौम्य सूज आली असेल तर खरे म्हणजे त्याच मुक्कामात पित्ताशय काढून घरी पाठवणे उत्तम, कारण लांबवले तर मधल्या काळात पुन्हा सूज येण्याचा धोका असतो. बाबांच्या बाबतीत पंपिंग आणि रक्त पातळ करणारी गोळी असल्याने सर्जन, हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांनी एकत्र बसून दिवस ठरवावा. एपिक्साबॅन किती तास आधी थांबवायची आणि कधी परत सुरू करायची, हे त्याच वेळी लिहून घ्या.

खडे नाहीत, गाळ नाही, ट्रायग्लिसराइड आणि कॅल्शियम ठीक, दारू नाही, एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडही स्वच्छ, असे निघाले तर मी अमिओडॅरोन बदलण्याच्या बाजूने मत देईन. एट्रियल फिब्रिलेशनसाठी ती एकमेव वाट नाही, आणि दुसरा झटका पहिल्यासारखा सौम्य असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. त्या परिस्थितीत फ्युरोसेमाइड आणि रॅमिप्रिलचाही विचार करावा लागेल, पण ती दोन्ही हृदय सांभाळणारी औषधे आहेत. एकदम सगळी काढली तर कोणामुळे काय झाले ते कधीच कळणार नाही, आणि पायावर सूज, दम लागणे सुरू होईल.

अमिओडॅरोनच्या जागी काय? पंपिंग ४० टक्के असल्यामुळे पर्याय मोजकेच. फ्लेकेनाइड आणि प्रोपाफेनोन अशा हृदयात देत नाहीत. १९८९ पासून प्रसिद्ध झालेल्या कास्ट चाचणीने हा धडा शिकवला: हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या रुग्णांत फ्लेकेनाइड आणि एन्केनाइडने जादा ठोके कमी झाले आणि मृत्यू वाढले. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल कमी पंपिंगमध्ये टाळतात. सोटालोलही इथे जपून. उरते ते ठोक्यांचा वेग आवरणे: बिसोप्रोलोल, कार्व्हेडिलोल किंवा लांब पल्ल्याचे मेटोप्रोलोल, गरज पडली तर थोडे डिगॉक्सिन. ठोके अनियमित राहतात, पण वेग आटोक्यात असतो. २००२ च्या अफर्म चाचणीत लय सुधारण्याच्या औषधांनी आयुष्य वाढल्याचे दिसले नव्हते, त्यामुळे ही वाट कमीपणाची मानू नका. दुसरा पर्याय अब्लेशनचा. मांडीतून नळी घालून, बेशिस्त ठोके जिथून सुटतात त्या भागाला डाग देतात. पंपिंग कमी असलेल्या निवडक रुग्णांत २०१८ च्या कॅसल-एएफ चाचणीत औषधांपेक्षा त्याचा फायदा दिसला. बाबांसारख्या रुग्णाबद्दल हा विषय हृदयरोगतज्ज्ञांकडे स्वतःहून काढण्यासारखा आहे, स्वादुपिंडाचे काहीही निघो.

एक अपवाद ठळकपणे सांगतो, कारण हे वाचून कोणी दुसऱ्याच रुग्णाला लागू करेल. अमिओडॅरोन खालच्या कप्प्यांच्या ठोक्यांसाठी, म्हणजे व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डियासाठी चालू असेल, किंवा छातीत बसवलेले यंत्र झटके देऊ नये म्हणून दिली असेल, तर तिथे हिशेब पार वेगळा आहे. तिथे गोळी थांबवणे म्हणजे अचानक मृत्यूचा धोका पत्करणे. अशा रुग्णाने दवाखान्यात, मॉनिटरखाली असल्याशिवाय एक गोळीही चुकवू नये.

ज्यांना रक्त पातळ करायला वॉरफेरिन किंवा एसिट्रॉम दिलेली आहे, विशेषतः संधिवाताने झडप खराब झालेल्यांना, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. अमिओडॅरोनमुळे त्या गोळ्यांचा जोर वाढलेला असतो आणि मात्रा कमी केलेली असते. अमिओडॅरोन बंद केली की जोर दोन-तीन महिन्यांत हळूहळू उतरतो, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी, खाली घसरते आणि झडपेवर गुठळी होऊ शकते. त्या काळात दर एक-दोन आठवड्यांनी आयएनआर पाहावी.

फळांबद्दल आईंनी विचारले आहे, की संत्री बंद करायची का. आपली नागपुरी संत्री खुशाल द्या. अमिओडॅरोनशी वाद आहे तो ग्रेपफ्रूटचा. त्याच्या रसाने औषध मोडायचे एंझाइम मंदावते आणि रक्तातली पातळी वाढते. पपनस त्याच्याच कुळातले, म्हणून तेही टाळावे. जेवण महिनाभर कमी तेलाचे ठेवा. सोनोग्राफीचा निकाल येईपर्यंत तर्री-पोहे आणि सावजी दोन्हीला सुट्टी.

आणि शेवटी, तपासण्यांनंतर संशय गोळीवरच आला तर ती नोंद पुढे पाठवायला डॉक्टरांना सांगा. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, मुख्यालय गाझियाबादला, टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. रुग्ण किंवा नातेवाईकही तिथे कळवू शकतात. डिस्चार्ज कार्डावरचे प्रश्नचिन्ह ज्या दिशेने सुटेल तसे नवीन कार्डावर स्पष्ट लिहून घ्या: ‘पित्ताच्या खड्यांमुळे’ किंवा ‘अमिओडॅरोन, पुन्हा देऊ नये’. सोनोग्राफीचा आणि जुन्या एसजीपीटीचा आकडा कळवलात तर त्यावरून पुढचे सांगेन.